वास टाळा म्हणे, पण कुठे?

मुंबईत माहुलच्या पुनर्वसन वसाहतीतली बाई डोकं धरून बसली की सल्ले तयार असतात. पित्त झालं असेल. नंबर वाढला असेल. जरा शिकलेला भेटला तर म्हणतो, अर्धशिशी आनुवंशिक असते, त्यात शेजारच्या रिफायनरीचा काय दोष?

अर्धशिशीत मळमळ, उलटी होतेच. ती दुखण्याचा भाग आहे, कारण नव्हे. ओकल्यावर उतार पडतो, म्हणून पित्तावर खापर फुटतं. नंबराचंही तसंच. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमचमती रेघ सरकते, मधलं दिसेनासं होतं, अर्ध्या-पाऊण तासात नजर ताळ्यावर येते आणि मग ठणका सुरू होतो. हे मेंदूत घडतं, चष्म्याने थांबत नाही. (डोळा लाल होऊन दुखतोय आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसताहेत, तर काचबिंदूची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा.)

उरला आनुवंशिकतेचा मुद्दा. तो खरा आहे, पण त्याने रिफायनरी सुटत नाही. प्रवृत्ती घराण्यातून येते. झटका उठायला निमित्त लागतं, आणि उग्र वास हे अनेकांचं नेहमीचं निमित्त. म्हणून डॉक्टर वास टाळायला सांगतात. माहुलला तो टाळायचा कुठे? शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या. २२५ चौरस फुटांच्या घरात खिडकी लावली तर फोडणीचा खकाणा कोंडतो, उघडली तर बाहेरचा दर्प शिरतो. अंधार करून पडावं, तर तिथेच मुलं अभ्यासाला बसलेली. गोळ्यांवर काढावं, तर साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस घेतल्या की त्यांनीच डोकं उठू लागतं.

हा मनाचा खेळ नव्हे. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१३ साली माहुल-आंबापाड्यात पाहणी केली, तेव्हा ८६.६ टक्के लोकांनी डोळे चुरचुरत असल्याचं सांगितलं. पाहणी अर्धशिशीची नव्हती, पण हवा तीच आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेपासून आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने, तानसा जलवाहिनीलगतची घरं तोडल्यामुळे बेघर झालेल्या कुटुंबांना माहुलला जाण्याची सक्ती न करता दरमहा १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं.

अर्धशिशीच्या रोग्यासाठी इथून हलणं हाच औषधोपचार आहे, असं मी ठामपणे म्हणतो. पालिकेच्या दवाखान्याने केसपेपरवर नुसतं ‘डोकेदुखी’ लिहून क्रोसीन हातावर ठेवू नये. झटका कधी आला, वास कसला होता, डोळ्यांना काय झालं, हे लिहावं. मज्जाविकारतज्ज्ञाकडे आणि डोळ्यांच्या तपासणीला चिठ्ठी द्यावी. आणि तोच केसपेपर दुसरीकडे घर मागणाऱ्या अर्जाला पुरावा म्हणून चालावा.