छातीवरची जागा

मा. अध्यक्ष,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ,
वानखेडे स्टेडियम, मुंबई



सप्टेंबर 2025 मध्ये दुबईत आपला संघ आशिया चषक खेळला, तेव्हा खेळाडूंच्या छातीवर फक्त देशाचे नाव होते. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, प्रायोजक असलेली ड्रीम इलेव्हन बाजूला झाली आणि नवा प्रायोजक येईपर्यंत स्पर्धेची वेळ झाली. त्याच कोऱ्या जर्सीत आपण अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवले.

ही आठवण मुद्दाम काढली. मला जे मागायचे आहे त्यावर आपल्या कार्यालयातून पहिले उत्तर ‘हे व्यवहारात जमणार नाही’ असे येणार, याचा मला अंदाज आहे. मागणी छोटी आहे. दारू, तंबाखू, जुगार किंवा व्याजाने पैसे देणारी कंपनी यांचा लोगो अंगावर नको असे ज्या खेळाडूला वाटते, त्याला तो न घालण्याचा हक्क करारातच लिहून द्या.

आम्हा मुसलमानांच्या घरी हा प्रश्न कसा येतो, ते थोडे सांगतो. कुरआनच्या सूरह अल-माइदामधल्या नव्वदाव्या आयतीत दारू आणि जुगार एका दमात निषिद्ध ठरवले आहेत. पुढे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, दारूच्या संदर्भात फक्त पिणाऱ्याला दोष दिलेला नाही. गाळणारा, वाहून नेणारा, पाजणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा असे सगळे त्या यादीत येतात. आता सांगा, छातीवर तिचे नाव मिरवत टीव्हीवर तीन-चार तास दिसणारा माणूस या यादीत बसतो की नाही? अनेक उलमा, म्हणजे धर्मपंडित, म्हणतात, बसतो. काही म्हणतात, नोकरीचा गणवेश आहे, मालकाने दिलेला, त्याचा गुन्हा खेळाडूच्या माथी मारू नका. पाण्याच्या किंवा सोड्याच्या नावाखाली होणाऱ्या छुप्या जाहिरातीबद्दल तर आणखी मतभेद. मंडळाने यात फतवा काढावा अशी माझी बिलकूल अपेक्षा नाही. मतभेद आहेत म्हणूनच निर्णय त्या-त्या खेळाडूकडे राहिला पाहिजे.

कपड्यावर काय असावे याची चर्चा आमच्याकडे लोगोंच्याही आधीची आहे. बुखारीच्या संग्रहात हजरत आयेशांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. अबू जहम यांनी भेट दिलेली नक्षीदार चादर पांघरून पैगंबरांनी नमाज पढली. नमाजेनंतर म्हणाले, ही अबू जहमना परत द्या आणि त्यांची साधी जाडीभरडी चादर आणा, हिच्या नक्षीने माझे लक्ष विचलित केले. मला यातली चादर बदलून मागण्याची रीत फार आवडते. भेट परत करायची, पण देणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून त्याच्याकडचेच दुसरे वस्त्र मागायचे. प्रायोजकाशी बोलताना मंडळालाही हे जमावे.

सजीवांच्या चित्रांचा प्रश्न वेगळा. कापडावरच्या नक्षीला सूट देणारी हदीस आहे, चित्रांना सक्त मनाई करणाऱ्याही आहेत, आणि वेगवेगळ्या मजहबांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरांनी, त्यातून वेगवेगळे अर्थ काढले. माणसाचा चेहरा असलेला कपडा घालून नमाज पढणे हनफी फिकहमध्ये मकरूह, म्हणजे नापसंत मानतात. आमच्या कोकणातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा आपण पाहिल्या असतील. तिथल्या जर्सीच्या पाठीवर हमखास एखादा भावी आमदार हात जोडून हसत असतो. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेची वेळ झाली की पोरे जर्सी उलटी करून घालतात किंवा वरून शर्ट चढवतात, नमाज पढतात आणि परत फिल्डिंगला जातात. भावी आमदारांना याचे वाईट वाटल्याचे मी ऐकलेले नाही. गावात हा प्रश्न असा हसत-खेळत सुटतो, कारण तिथे करार नसतो. आपल्याकडे तो असतो आणि तिथेच पोरांची जीभ अडते.

बाहेरच्या मंडळांनी यातून वाट काढली आहे. हाशिम आमला दक्षिण आफ्रिकेकडून 124 कसोटी खेळला, 2012 मध्ये ओव्हलवर नाबाद 311 धावा करून त्या देशाचा पहिला त्रिशतकवीर झाला. संघाचा प्रायोजक कॅसल ही बिअर होती आणि आमलाच्या कपड्यांवर तिचा लोगो नसे. बिअर कंपनी बुडाली नाही, संघाची एकीही मोडली नाही. ऑस्ट्रेलियात 2013 मध्ये फवाद अहमदला तीच सवलत मिळाली. तेव्हा माजी खेळाडूंपैकी काहींनी गहजब केला, पण मंडळ त्याच्या पाठीशी उभे राहिले. न्यूझीलंडचा रग्बीपटू सॉनी बिल विल्यम्स याने 2017 मध्ये कॉलरवरचे बँकेचे नाव पट्टीने झाकले. तिथल्या संघटनेने बँक, दारू आणि जुगार या तिन्हींबाबतचा त्याचा आक्षेप मान्य केला.

आणि नियम स्पष्ट नसला की काय होते? इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये पापिस सिसेचे काय झाले ते पाहा. 2013 मध्ये न्यूकॅसलच्या जर्सीवर वोंगा ही भरमसाट व्याजाने कर्ज देणारी कंपनी आली. सिसेने ती घालायला नकार दिला. मग वाद रंगला, वर्तमानपत्रांनी त्याचा कॅसिनोतला फोटो शोधून छापला आणि शेवटी त्याने मुकाट जर्सी घातली. माणूस पूर्ण धार्मिक आहे की नाही याची परीक्षा घेण्याचा अधिकार वर्तमानपत्रांना कोणी दिला? पण नियमाच्या जागी वाटाघाटी आल्या की अशी परीक्षा होतेच. ती घेणाऱ्यांत आमचे मोहल्लेवालेही मागे नसतात, हेही कबूल करतो.

आपल्याच आयपीएलमधले उदाहरण आपणास माहीत असेल. एप्रिल 2021 मध्ये बातमी आली की मोईन अलीच्या विनंतीवरून चेन्नईने त्याच्या जर्सीवरचा मद्याचा लोगो काढला. अशी विनंतीच आली नाही, असे संघाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितले. तोवर बातमी देशभर फिरली होती आणि समाजमाध्यमांवर त्याच्या धर्माचे माप काढून झाले होते. त्याच सुमारास एका नामवंत लेखिकेने तर तो क्रिकेटमध्ये नसता तर सीरियात जाऊन दहशतवाद्यांना मिळाला असता, असे लिहून टाकले. इंग्लंडचे त्याचे सहकारी धावून आले. लेखी कलम असते तर बातमीच झाली नसती. कार्यालयीन नोंद झाली असती.

म्हणूनच हे कलम फक्त मुसलमानांसाठी नको. तसे झाले तर कोरी छाती म्हणजे धर्माचे ओळखपत्र होईल आणि प्रेक्षकांतला कोणीतरी त्यावरून शिव्या हासडेल. ते सगळ्यांना खुले असावे. ज्याच्या बापाने दारूपायी घर बुडवले तो हिंदू मुलगा, एखादा जैन, एखादा शीख, कोणीही. सचिन तेंडुलकरांनी वडिलांना शब्द दिला होता की दारू-तंबाखूची जाहिरात करणार नाही. 1990 च्या दशकात सिगारेट कंपन्या त्यांच्या बॅटवर नाव लावायला उत्सुक होत्या, तरी त्यांनी बॅट कोरी ठेवली. प्रा. रमेश तेंडुलकरांचा हा संस्कार मराठी घरांत कौतुकाने सांगितला जातो. पण त्याच दशकात भारतीय संघाच्या पोशाखावर ‘विल्स’ या सिगारेटचे नाव होते. बॅट त्यांची स्वतःची, शर्ट मंडळाचा! एवढ्या मोठ्या खेळाडूचा शब्द बॅटपुरताच चालला, तर रणजी स्पर्धेसाठी पहिल्यांदा निवड झालेला पोरगा काय बोलणार?

दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की मग उद्या कोणी घोषणा लिहिलेला बूट घालून येईल. 2023 च्या डिसेंबरमध्ये पर्थ कसोटीआधी उस्मान ख्वाजाला आयसीसीने असे बूट घालू दिले नाहीत, दंडाला काळी फीत बांधली म्हणून समज दिली आणि पुढे बॅटवरचे कबुतराचे चित्रही नाकारले. मला त्याच्याबद्दल सहानुभूती आहे. पण मी बोलण्याचा हक्क मागत नाही, दुसऱ्याच्या जाहिरातीत न बोलण्याचा मागतो आहे. या दोन गोष्टींत आयसीसीलाही गल्लत करायचे कारण नाही. दुसरा आक्षेप पैशांचा. प्रायोजकाला अकराच्या अकरा छात्या हव्या असतात. पण मार्च 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनीच आयपीएलला पत्र लिहून दारू-तंबाखूच्या छुप्या जाहिरातीही थांबवायला सांगितले आहे. सरकार सगळ्यांच्या छातीवरून जे काढा म्हणते, ते एकाच्या छातीवरून काढायला किती खळखळ करायची? एका संघाचे नावच मद्याच्या ब्रँडवरून आलेले आहे, तिथे पट्टी कुठे लावणार, हा प्रश्न मात्र मलाही सुटत नाही. तो सध्या बाजूला ठेवू.

कलमात काय असावे तेही सुचवतो. हंगामाआधी खेळाडूने लेखी कळवावे, कारण विचारू नये. मानधन कापू नये. प्रायोजकाशी करार करतानाच त्याला याची कल्पना द्यावी. आणि कृपा करून चिकटपट्टी नको; घामाने ती तिसऱ्या षटकात सुटते आणि कॅमेरा नेमका तिथेच जातो. त्याच रंगाची, तितकीच चांगली शिवलेली जर्सी द्यावी.

हे फक्त भारतीय संघ आणि आयपीएलपुरते ठेवू नका. राज्य संघटनांच्या सोळा वर्षांखालच्या संघांनाही लागू करा. पहिली जर्सी तिथे मिळते, आणि नको म्हटले तर परत बोलावतील की नाही ही धास्ती तिथेच सर्वांत जास्त असते. मसुदा तयार झाला की तो मराठीसह सगळ्या भाषांत जाहीर करावा, म्हणजे पोरांच्या पालकांनाही वाचता येईल. सूचना असतील तर आम्ही पाठवू.

आपला,
कोकणातला एक क्रिकेटवेडा