शेगडी एका गॅसची, नळी दुसऱ्या गॅसची



गोठ्यात चार-पाच जनावरे असली की गोबर गॅसवर दोन्ही वेळचा स्वयंपाक निघतो. पण थंडीत टाकी गारठली, किंवा एखादी बैलजोडी विकली, की गॅस कमी पडू लागतो. मग घरात सिलिंडर येतो आणि कुणीतरी म्हणते, "शेगडी आहेच की! नुसती नळी बदलू." दोन्ही शेगड्या दिसायला सारख्या, तेव्हा हे पटतेही. पण असे करू नका. यात जिवाशी गाठ आहे.

दोन्ही गॅसच, मग फरक कसला? गोबर गॅसमध्ये जळणारा वायू, म्हणजे मिथेन, शेकडा ५५ ते ६५ असतो. बाकीचा बहुतेक भाग कार्बन डाय-ऑक्साइडचा, तो जळतच नाही. सिलिंडरचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण, ते सगळेच जळते. त्यामुळे एक घनमीटर गोबर गॅसची उष्णता सिलिंडरच्या अवघ्या ४०० ते ४५० ग्रॅम गॅसात मिळते. दाबही निराळा. पिंपाच्या टाकीतून गॅस साधारण ८ ते १० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने येतो. रेग्युलेटरमधून येतो तो ३० सेंटिमीटरच्या आसपास. हवाही वेगळी लागते. एक भाग गोबर गॅसला सहा भाग हवा पुरते, सिलिंडरच्या गॅसला पंचवीस ते तीस भाग.

शेगडीच्या आत, कॉकच्या तोंडाशी, बारीक भोकाचा पितळी तुकडा असतो. मिस्त्री त्याला जेट म्हणतात. सिलिंडरच्या शेगडीत हे भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असते. गोबर गॅसच्या शेगडीत त्याहून पुष्कळ मोठे. बाजरीच्या चाड्याने कुणी भुईमूग पेरीत नाही, तसेच हे.

आता गोबर गॅसच्या शेगडीला सिलिंडर जोडला तर काय होईल? मोठ्या भोकातून जोराच्या दाबाने गॅसचा लोट येईल. पुरेशी हवा न मिळाल्याने ज्योत पिवळी होऊन उंच उठेल, भांडी काजळतील. याहून वाईट म्हणजे अर्धवट जळालेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. दारे-खिडक्या लावलेल्या स्वयंपाकघरात आधी डोके दुखते, मग गरगरते, आणि झोपलेले माणूस उठतच नाही.

उलट केले, म्हणजे सिलिंडरच्या शेगडीला गोबर गॅस जोडला, तर ज्योत मिणमिणते आणि विझते. इथेच एक घातक युक्ती सुचते: दाभण किंवा ड्रिल घालून भोक मोठे करण्याची. तसे कधीही करू नका. पुढे त्याच शेगडीला कुणी सिलिंडर लावला, की वर सांगितलेला प्रकार ठरलेलाच. शिवाय नुसते जेट बदलूनही भागत नाही, कारण हवा मिसळण्याची नळी आणि बर्नरची भोकेही गॅसप्रमाणे निराळी असतात. म्हणूनच सिलिंडरच्या शेगडीसाठी आयएस ४२४६ आणि गोबर गॅसच्या शेगडीसाठी आयएस ८७४९ अशी वेगवेगळी मानके आहेत.

शहरात पाइपाचा गॅस येतो तेव्हाही गॅस कंपनीचा कारागीर शेगडीचे जेट बदलून देतो. तोच गॅस आता काही मोठ्या गावांच्या वेशीपर्यंत आला आहे. तुमच्याकडे आला, तर हे काम कारागिराकडूनच करून घ्या. पुन्हा सिलिंडरकडे वळायचे झाले, तर जेटही पुन्हा बदलून घ्यावे लागतील.

तेव्हा दोन गॅस असतील तर शेगड्या दोन ठेवा. नळ्याही दोन ठेवा. मध्ये जोड देऊन त्या एक करू नका. पुढील गोष्टी घरातल्या लेकी-सुनांनाही सांगून ठेवा.

ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी झाली, भांड्याला काजळी धरली, तर शेगडी बंद करून मिस्त्रीला दाखवा. गोबर गॅसची ज्योत फडफडत असेल तर बहुधा नळीत पाणी साचले आहे. ते काढून टाका.

स्वयंपाक चालू असता गोबर गॅस संपून ज्योत विझली, तर कॉक लगेच बंद करा. उघडा राहिला तर रात्रीतून टाकीत पुन्हा गॅस जमतो आणि घरात भरतो.

सिलिंडर उभा ठेवा आणि शेगडी त्याच्याहून उंच, ओट्यावर ठेवा. हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. रबरी नळी पाच वर्षांनी बदला, चिरली तर त्याआधीच. गळती काडी ओढून पाहू नका. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

दुसऱ्या शेगडीला पैसे लागतात, हे खरे. संसारात पै-पै जपावी लागते, हेही खरे. पण काटकसर तेल-मिठात करा, दिवेलागणीत करा. जिथे पोरेबाळे निजतात त्या घरातल्या आगीशी करू नका.