शेंदराच्या आड

मोरगावच्या मयूरेश्वरापुढे उभं राहिलं की डोळ्यांना दिसतो तो शेंदूर. मूर्ती आत आहे. शतकानुशतकं लेप चढत गेले, त्यांचं कवच झालं आणि ते कवच फार क्वचित, शंभरेक वर्षांतून एखाद्या वेळी, स्वतःच्या भाराने निखळून पडतं. १७८८ आणि १८८२ ही दोन सालं त्यासाठी सांगितली जातात. परंपरा याच्याही पलीकडचा पडदा सांगते. मूळ मूर्ती वाळू, लोखंड आणि हिरे यांच्या अणूंची, ब्रह्मदेवानं स्थापलेली. पांडवांनी ती तांब्याच्या पत्र्यात बंद केली आणि आजच्या मूर्तीच्या मागे ठेवली. देवळाचंही तसंच. उंच तटबंदी आणि चार कोपऱ्यांवर चार मनोरे, त्यामुळे दुरून ते मशीदच वाटतं. आक्रमणापासून बचाव व्हावा म्हणून तसं बांधलं, असं गावात सांगतात. अष्टविनायकांत ज्याला पहिला मान, त्याच्या दारी आलेला माणूस अशा किती आडोशांपुढे हात जोडतो!

माझे एक जुने स्नेही निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत. घरची मंडळी आत गेली की ते पायऱ्यांसमोरच्या नंदीजवळ बसतात. स्वतः आत येत नाहीत. त्यांनी मला एकदा विचारलं, "सर्वशक्तिमान म्हणता ना तुम्ही? मग त्याला शेंदूर कशाला, तांब्याचा पत्रा कशाला? एकदाच सगळ्या माणसांपुढे उघड येऊन उभा का राहत नाही? सगळे वाद एका सकाळी मिटतील."

हा पूर्वपक्ष पोरकट नाही. कॅनडातले तत्त्वज्ञ जे. एल. शेलेनबर्ग यांनी १९९३ साली या एका प्रश्नावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: देव प्रेमळ असेल तर त्याला प्रत्येक माणसाशी नातं हवं असणार. नात्यासाठी समोरचा आहे एवढं तरी ठाऊक असावं लागतं. पण जगात असे प्रामाणिक लोक आहेत, जे शोधतात, हट्ट धरत नाहीत, तरी त्यांना देव असल्याचं पटत नाही. प्रेमळ देवानं त्यांना असं ताटकळत ठेवलं नसतं. म्हणून तसा देव नाही.

याला आमच्या बाजूनं जी उत्तरं दिली जातात, त्यांतली बरीच मला मान्य नाहीत. ती आधी मोडून टाकतो, कारण वाईट वकिलानं आपला पक्ष जितका बुडतो तितका विरोधकानं बुडत नाही.

पहिलं उत्तर, 'तुमच्या डोळ्यांवर पापाचं पटल आहे.' हे उत्तर नव्हे, शिवी आहे. गोपाळ गणेश आगरकरांना देव दिसला नाही. सनातन्यांनी पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी आपल्याला जे खरं वाटतं ते त्यांनी 'सुधारका'तून लिहिणं सोडलं नाही. १८९५ साली, वयाच्या चाळिशीच्या आत, दम्यानं ते गेले. त्या माणसाच्या डोळ्यांवर पाप होतं आणि ती प्रेतयात्रा काढणाऱ्यांचे डोळे निर्मळ होते, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं म्हणावं. मी त्याच्या पंगतीला बसणार नाही.

दुसरं उत्तर, 'देव परीक्षा घेतो.' प्रश्नपत्रिका लपवून ठेवायची आणि मग नापास करायचं, याला कोणत्याही शाळेत परीक्षा म्हणत नाहीत.

तिसरं उत्तर विद्वानांचं आहे: देव उघड दिसला तर माणसाचं स्वातंत्र्य संपेल, सगळे भीतीपोटी सज्जन होतील. यात मला तथ्य कमी दिसतं. तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या जबड्याचं चित्र छापलेलं असतं, ते पाहत पाहतच माणूस ती पुडी फाडतो. मरण तर देवापेक्षाही उघड आहे, रोज दारावरून जातं. म्हणून का कुणी बांध कोरायचं थांबलं? उघड दिसण्यानं माणूस बांधला जातो हेच मुळात खोटं आहे.

आणि इथेच पूर्वपक्षाचाही पाया हलतो. 'एकदा दिसला की वाद मिटतील' हे त्याचं गृहीतक आहे. ते तपासून पाहण्याची संधी आपल्याला मिळालेली आहे.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो ही बातमी पहाटे दिल्लीतून निघाली आणि दिवस मावळायच्या आत देशभर, देशाबाहेरही पोहोचली. वाट्या, चमचे, रांगा. दुधाचा पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि पातळ थरानं मूर्तीवरून खाली उतरतं, हे वैज्ञानिकांनी रंगीत दूध वापरून दाखवलं. ते बरोबरच होतं. पण माझा मुद्दा वेगळा आहे. त्या दिवशी लाखो लोकांची खात्री पटली होती की देव उघड झाला आहे. त्या खात्रीचं काय झालं? दुसऱ्या दिवशी कुणी सावकारानं व्याज सोडलं का? भावाभावांतला एक दावा तरी मागे घेतला गेला का? चमत्कार खरा असो की खोटा, पाहणाऱ्यांसाठी तो त्या दिवशी खरा होता, आणि त्यानं रांगेपलीकडे काही घडवलं नाही.

दुसरा दाखला मोरगावच्या अंगणातलाच आहे. मोरया गोसावी मोरगावचे. त्यांना कऱ्हेच्या पाण्यात गणेशमूर्ती सापडली, ती घेऊन ते चिंचवडला गेले आणि तिथे पवनेच्या काठी त्यांनी संजीवन समाधी घेतली. त्यांच्या वंशात सात पिढ्या गजानन स्वतः वास करील अशी श्रद्धा होती. त्या घराण्यातल्या पुरुषाला लोक 'देव' म्हणत, राजे जमिनी इनाम देत. उघड दर्शन याहून किती उघड असावं? चालता-बोलता, जेवता-झोपता देव! १८०९ साली मारिया ग्रॅहम नावाची इंग्रज बाई चिंचवडला गेली. तिनं पाहिलं तर समोर एक मुलगा, इतर मुलांसारखाच. त्याच क्षणी, त्याच वाड्यात, शेजारी उभा असलेला भाविक साक्षात गजानन पाहत होता. दोघांचे डोळे शाबूत होते. समोरची वस्तू एकच होती. वाद काही मिटला नाही.

या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र निराळीच आहे. चिंचवडची पालखी भाद्रपदात आणि माघात मोरगावला येते, आजही. ज्या घरात देव देहानं नांदतो असं लोक मानत होते, तेच घर पिढ्यान् पिढ्या वाट तुडवत मोरगावच्या शेंदराकडे येत राहिलं. त्यांना प्रकट देव पुरत नव्हता का? मला वाटतं, नव्हता. देव दिसतो म्हणून ते त्याच्याकडे निघालेले नव्हतेच.

गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात, जिथे मयूरेश्वरानं सिंधू दैत्याला मारल्याची कथा आहे, तिथेच पुढे वरेण्य राजाची कथा येते. गजानन त्याच्या राणीच्या कुशीत आला. हत्तीचं तोंड, चार हात; यात लपवाछपवी काय होती? आणि बापानं काय केलं? असलं विद्रूप पोर नको म्हणून रानात टाकून दिलं. पराशर ऋषींनी ते उचललं, वाढवलं. पुढे सिंदूर दैत्य मारला गेला, वरेण्याला आपण काय टाकून दिलं ते कळलं, तेव्हा गजाननानं त्याला जो उपदेश केला ती अकरा अध्यायांची गणेशगीता. मोरगावात राहिलेल्या गणेश योगींद्रांनी तिच्यावरच 'योगेश्वरी' ही टीका लिहिली. त्या गीतेत वरेण्याला विश्वरूपही दिसतं, आणि तो घाबरून जातो. ते सौम्य रूपच परत दाखव म्हणतो. म्हणजे या राजाला देव दोनदा उघड दिसला. पहिल्यांदा त्याला किळस आली, दुसऱ्यांदा भय वाटलं. त्याला जे काही मिळालं ते या दोन दर्शनांच्या मधल्या संवादात, विचारण्यात आणि ऐकण्यात मिळालं.

इथे सर मला थांबवतात. "तुम्ही कथा सांगता. कथा म्हणजे पुरावा नव्हे."

मान्य. देव आहे याचा पुरावा म्हणून मी या कथा सांगतच नाही. शेलेनबर्ग यांचा युक्तिवाद 'देव प्रेमळ असेल तर' असा सुरू होतो. म्हणजे वाद 'प्रेम' या शब्दाच्या अर्थाचा आहे. देवावर प्रेम करण्यात ज्यांनी आयुष्यं घातली, त्यांनी त्या शब्दाचा अर्थ काय लावला, हे तपासणं त्या वादात गैरलागू कसं? शेलेनबर्ग यांचं म्हणणं आहे की आधी ओळख पटते, मग नातं जडतं. आमच्या परंपरेचा अनुभव याच्या उलट आहे.

पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी होता. गोदावरीचं पाणी आणायचा, चंदन उगाळायचा. बारा वर्षं. नाथांना तो कोण आहे ते ठाऊक नव्हतं. नाथांसारख्या माणसाला! मग द्वारकेहून एक ब्राह्मण देवाला शोधत आला, आणि तो श्रीखंड्या म्हणजे कोण हे उघड झालं, त्या क्षणी श्रीखंड्या नाहीसा झाला. ही कथा आपण लहानपणापासून चमत्कार म्हणून ऐकतो. मला ती तर्कशास्त्राचा धडा वाटते. बारा वर्षं ते नातं होतं की नव्हतं? पाणी भरलं जात होतं की नव्हतं? होतं. समोर देव आहे हे ठाऊक नसतानाही ते पूर्ण होतं. ओळख पटली आणि सेवा संपली. नात्यासाठी 'समोरचा आहे हे ठाऊक असावं लागतं' हे शेलेनबर्ग यांचं विधान सरळ वाटतं, पण ते खरं नाही.

नामदेवांची गोष्ट या चित्राची दुसरी बाजू आहे. विठ्ठल त्यांच्या हातचं जेवत होता, त्यांच्याशी बोलत होता. याहून जास्त पुरावा मागायचा तरी काय? तरी संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांच्या थापटण्यानं त्यांचंच मडकं कच्चं निघालं आणि त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागलं.

तेव्हा माझा पक्ष असा. देव लपून बसलेला नाही. तो स्वतःची ओळख पटवून देण्यात गुंतलेला नाही, इतकंच. ओळख पटवावी लागते ती सत्तेला. तिला शिक्का लागतो, दाखला लागतो, समोरच्यानं मान्य करणं लागतं. ज्याला माणसाकडून कबुली नको आहे, त्याला उघड होण्याची घाईही नाही. म्हणूनच आगरकरांसारखा माणूस देवाला न ओळखता गेला, यात मला त्यांचं काही हुकलेलं दिसत नाही. ज्या सत्याला ते आयुष्यभर चिकटून राहिले, त्याच्या आड कोण होतं हे त्यांना कळलं नाही म्हणून तो त्यांच्याजवळ नव्हता, असं मी मानत नाही. नास्तिकांना हे म्हणणं लुडबुड वाटेल. वाटू दे. पण देवाला न मानणारा देवाबाहेर पडतो असं मानणं मला त्याहून उद्धट वाटतं.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे माझा हा सगळा युक्तिवाद थांबतो. सरांची आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. हा सगळा जिरायती पट्टा; बारामतीच्या बागायतीचं पाणी इथवर येत नव्हतं, कऱ्हा कोरडी पडली होती. सरांची धाकटी बहीण त्या वर्षी गेली. आईनं नंतर कळसाकडे पाहून हात जोडणं सोडलं. सरांचा प्रश्न तिथून आलेला आहे, शेलेनबर्ग यांच्या पुस्तकातून नाही.

मी त्यांना एवढंच म्हणालो की तुमच्या आईनं देवाला 'दिस' असं म्हटलं नसेल. 'धाव' असं म्हटलं असेल. हे दोन प्रश्न आहेत, आणि तत्त्वज्ञ ते एकात एक मिसळतात. आकाश उजळून त्यात देव दिसला असता तरी त्या माउलीच्या मांडीवरचं पोर तहानेलंच राहिलं असतं. मग तिनं अशा दिसणाऱ्या देवाला काय म्हटलं असतं, ते मला लिहवत नाही. 'तो दिसत का नाही' याला माझ्याकडे उत्तर आहे. 'तो धावला का नाही' याला नाही, आणि ज्याच्याकडे आहे असं कुणी म्हणेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. सरांनी मान हलवली. पटल्याची नव्हती ती. वाद कुठवर आला हे दोघांनाही कळल्याची होती.

भाद्रपदाच्या यात्रेत मोरगावला मुक्तद्वार असतं. एरवी दुरून दर्शन घेणारा माणूस थेट गाभाऱ्यात जातो आणि आपल्या हातानं देवाला पाणी घालतो. गर्दी अशी की पाठीमागून पाठ लागते. तांब्या रिकामा होईपर्यंत एखाद-दुसरा श्वास मिळतो, तेवढ्यात हात लागतो तो शेंदरालाच, आणि बाहेर आल्यावर बोटांना राहिलेला तो ओला केशरी रंग बायका पुसत नाहीत, तसाच पोराच्या कपाळाला लावतात. गेल्या यात्रेत मी असाच बाहेर आलो. सर नंदीजवळ बसले होते. त्यांच्याभोवती ओळखीच्या-अनोळखी पंधरावीस जणांच्या चपला मांडलेल्या होत्या, आणि रांगेत चक्कर आलेल्या एका म्हातारीला ते स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजत होते.