अकरा दिवस आणि एक तप

आपल्या खासदारांचा भाव काय चालला आहे, हे देशाला १२ डिसेंबर २००५ रोजी घरबसल्या पाहायला मिळालं. कोब्रापोस्ट आणि आज तक यांच्या ‘ऑपरेशन दुर्योधन’मध्ये अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यासमोर नोटा घेताना दिसले. कमीत कमी पंधरा हजार, जास्तीत जास्त एक लाख दहा हजार. एवढ्यात संसदेत प्रश्न विचारून मिळत होता. लघुउद्योजकांची म्हणून जी संघटना त्यांच्या दारात गेली, ती मुळात अस्तित्वातच नव्हती. तिने पुढे केलेल्या प्रश्नांत रेल्वेच्या एका ‘योसारियन’ इंजिनाचीही चौकशी होती. योसारियन हा जोसेफ हेलरच्या कादंबरीचा नायक. पण कोणते इंजिन, कुठले उद्योजक, असल्या फंदात पडतो कोण? नोटा खऱ्या होत्या, तेवढं पुरे होतं.

अकरांत भाजपचे सहा, बसपचे तीन, काँग्रेस आणि राजदचा एकेक. एरवी कामकाज बंद पाडणाऱ्यांचं निदान एका बाबतीत तरी एकमत होतं. महाराष्ट्रानेही फार नाक वर करू नये. एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन हे दोघे त्यातलेच. एकाच जिल्ह्यातले शेजारी.

पुढे जे घडलं, ते मला लाचेपेक्षा जास्त बोलकं वाटतं. २३ डिसेंबरला दोन्ही सभागृहांनी या अकरा जणांची हकालपट्टी केली. अकरा दिवसांत चौकशी, अहवाल, ठराव, सगळं आटोपलं. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. आणि फौजदारी खटला? त्यात नुसते आरोप निश्चित व्हायला २०१७ साल उजाडलं. चित्रफीत तीच, चेहरे तेच, नोटा त्याच. सभागृहाला अकरा दिवस पुरले. न्यायाला पहिली पायरी चढायला एक तप लागलं.

वकील मंडळी लगेच सांगतील, सदस्यत्व काढणं वेगळं आणि तुरुंगात धाडणं वेगळं, पुराव्याची कसोटी वेगळी. मान्य. पण कसोटी कडक असणं वेगळं आणि ती घ्यायलाच बारा वर्षं लावणं वेगळं. तहलकाच्या कॅमेऱ्यात भाजपचे तत्कालीन अध्यक्ष बंगारू लक्ष्मण एक लाख रुपये घेताना दिसले ते २००१ मध्ये. त्यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली गेली २०१२ मध्ये. पकडणं आणि शिक्षा होणं यांच्या मधली ही जी ऐसपैस जागा आहे, तिथेच लाचखोरीने पक्कं घर बांधलं आहे.

आता खासदार सोडा, तालुक्याला या. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा कधी बारकाईने समजून घ्या. तक्रार आली की आधी पंचासमक्ष मागणीची पडताळणी होते, आवाज रेकॉर्ड होतो. नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरवतात, त्यांना फिनॉल्फ्थेलीनची पांढरी पावडर लावतात. तक्रारदाराला बजावतात, मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत, दिल्यावर ठरलेला इशारा करायचा. इशारा झाला की पथक आत शिरतं. साहेबांची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. ते बाटलीत भरतात, सील करतात, लेबलावर पंचांच्या सह्या घेतात. दुसऱ्या दिवशी बातमी: फेरफार नोंदीसाठी दहा हजारांची मागणी, तडजोडीअंती पाच हजार, रंगेहाथ अटक. आपण ती चवीने वाचतो, फोटो दहा ग्रुपवर फिरवतो आणि न्याय झाला म्हणून चहा संपवतो.

झालेलं काहीच नसतं. निलंबन होतं, पण निलंबिताला निर्वाह भत्ता मिळतो: आधी अर्ध्या पगाराच्या हिशेबाने, आणि तीन महिन्यांनंतर, विलंब त्याच्यामुळे झालेला नसेल, तर जवळजवळ पाऊण पगारापर्यंत. म्हणजे सरकारी दिरंगाई जितकी लांबेल, तितकी घरबसल्या बढती. खटल्याला वरिष्ठांची मंजुरी लागते. कायद्यात २०१८ पासून तिला तीन महिन्यांची, फार तर आणखी एका महिन्याची मुदत आहे. ही मुदत कितीदा पाळली जाते, हे ज्याची फाइल मंत्रालयात अडकली आहे त्याला विचारा. खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा, असंही तोच कायदा म्हणतो. प्रयत्न करावा! शेतसारा भरण्याचा प्रयत्न करावा, असं तहसीलदार मला कधी म्हणाल्याचं आठवत नाही.

तोवर तक्रारदार थकतो. त्याचा सातबारा त्याच कार्यालयात, त्याच माणसांच्या हाती असतो. गावातली चार वजनदार माणसं घरी येऊन ‘जाऊ द्या ना आता, त्यालाही लेकरंबाळं आहेत’ म्हणतात. साक्षीच्या वेळी तो फितूर होतो, आणि लाचेचे पाच हजार अचानक ‘हातउसने घेतलेले’ ठरतात. तक्रारदार फितूर झाला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. पण त्याला फितूर व्हावं का लागलं, याचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

आणि ज्यांना ‘वर द्यावे लागतात’, ते कुठे जातात? लाच मागणारा प्रत्येक कनिष्ठ हे वाक्य म्हणतो. ते खोटं असेल तर साहेबांनी बदनामीबद्दल आकांडतांडव करायला हवं. पण साहेबांची शांतता ऋषिमुनींना लाजवील अशी असते. पावडर शिपायाच्या आणि तलाठ्याच्या बोटांना लागते. वरच्या मजल्यावरचे हात कोरडेच राहतात.

मला आणखी सापळे, आणखी कॅमेरे नकोत. असलेल्यांचा निकाल हवा. मंजुरी मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि कारण जाहीर करा. सापळ्यात सापडलेल्याच्या थेट वरिष्ठाकडून, त्याच्या नाकाखाली हे कसं चाललं, याचा लेखी खुलासा घ्या. दोन वर्षांची मुदत ‘प्रयत्न’ म्हणून नव्हे, बंधन म्हणून लावा. तक्रारदाराचं अडलेलं काम दुसऱ्या कार्यालयातून, ठरलेल्या दिवशी करून द्या.

यातलं काहीही न करता एखादा मंत्री माइकसमोर ‘कायदा आपलं काम करील’ म्हणाला, तर त्याच्याकडे फक्त तारीख मागा. तारखेशिवाय दिलेलं हे आश्वासन जनतेसाठी नसतं. ते पकडल्या गेलेल्याला दिलेलं अभय असतं, आणि ते त्याला बरोबर ऐकू जातं.