बारा रुपये युनिट कोणी ठरवलं?

पहूरला भाड्यानं राहायचो तेव्हा दर महिन्याच्या पाच तारखेला दाराच्या कडीत चिठ्ठी खोचलेली असायची. कॅलेंडरचा उलटा कागद. युनिट १०८, दर १२, एकूण १२९६. खाली ‘पाणी-मोटार २००’. महावितरणचं बिल कधी दाखवलं नाही, पावती तर नाहीच.

मे महिन्यातल्या एका दुपारी कूलर बंद केला, खोलीतला मेन स्विच पाडला आणि जिन्याखालच्या सबमीटरसमोर जाऊन उभा राहिलो. लाल दिवा शांत होता. मालकांनी टाकी भरायला मोटार सुरू केली आणि तो भराभर लुकलुकायला लागला. सगळ्या घराच्या मोटारीची वीज माझ्या युनिटांत मोजली जात होती, आणि वर तिचेच दोनशे चिठ्ठीत वेगळे. विचारलं तर उत्तर आलं, “वायरमननं जोडलं असेल सर, मला काय माहीत? पटत नसेल तर दुसरी खोली बघा.”

ही चोरी आहे. ‘चुकून झालं’ म्हणून तिच्यावर पांघरूण घालणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. “शंभर-दोनशेसाठी कशाला तोंड वाईट करता?” असं मला सांगणारे शेजारी स्वतःही भाडेकरूच होते. बदलीवर आलेले शिक्षक, नर्स, बँकेतली पोरं. दोन महिन्यांचं डिपॉझिट अडकलेलं असतं, म्हणून सगळे गप्प.

मालकांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं वाढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याच्या दुपटीच्या आसपास. तीन कुटुंबं प्रत्येकी ९० युनिट वापरत असतील आणि प्रत्येकाचं मीटर स्वतंत्र असेल, तर एकही कुटुंब पहिला टप्पा ओलांडत नाही. तिघं एकाच मीटरवर आले की २७० युनिट होतात आणि त्यातली १७० महाग टप्प्यात जातात. काटकसर करणारी बाई शेजारच्याच्या कूलरचा दर भरते. पण मग मालक वेगळं मीटर का घेऊ देत नाहीत? कारण मीटर नावावर झालं की भाडेकरू खोली बळकावेल, ही जुनी भीती. वीजबिलानं घराची मालकी मिळत नाही, हे मालकांनाही ठाऊक आहे.

वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कोणीही जोडणी मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ‘दिलीप विरुद्ध सतीश’ खटल्यात स्पष्ट सांगितलं की मालकानं ना-हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढंच वीज कंपनीनं पाहायचं. तरीही खिडकीवरचा माणूस आधी “मालकाची सही आणा” म्हणत असेल, तर तोही या लुटीत सामील आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे, तिथे भाड्याची पावती न देणं आणि कारण नसताना वीज-पाणी तोडणं, दोन्ही गुन्हे आहेत. हा कायदा सगळ्या गावांना लागू नाही, आणि खेड्यातल्या मालकाचा माज त्यातूनच येतो.

बारा रुपयांचा दर कुठल्याही आयोगानं ठरवलेला नाही. तो जिन्याखाली ठरतो आणि महिन्याचं दुसरं भाडं होऊन बसतो. वर मोटारीचे दोनशे रुपये म्हणजे वर्षाचे २४००. पगारातून घरी पैसे पाठवणाऱ्या पोरीला ते थोडे नाहीत.

भाड्यानं राहणाऱ्यांनो, या महिन्याची चिठ्ठी आली की पैसे देण्याआधी मूळ बिल मागा. पैसे रोख देऊ नका, बँकेतून द्या. सबमीटरच्या आकड्याचा दर महिन्याला फोटो काढा. आणि एकदा खोलीतला मेन स्विच पाडून, मोटार चालू असताना, जिन्याखाली जाऊन बघा.