दुखण्याची गोळी आणि दारू : दोन्ही एकत्र नकोत

उसाची तोड सुरू झाली की आपल्या कोल्हापूर भागात घरोघरी कंबर आणि खांदे बोलू लागतात. दिवसभर मोळ्या वाहून आलेला गडी दुकानातून दुखण्याची गोळी आणतो. अंग हलके व्हावे म्हणून वर थोडी दारू घेतो. तरीही डोळा लागला नाही, तर घरातल्या म्हातारीची झोपेची गोळी मागतो. तिन्हींनी मिळून आराम पडेल असे त्याला वाटते. धोका नेमका इथेच आहे.

दुखण्याच्या साऱ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन ही औषधे अफूसारखे काम करतात. ती वेदना दाबतात, तशीच श्वास चालविणारे मेंदूतील केंद्रही मंद करतात. दारूचेही तेच. झोपेच्या गोळ्या, आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या आणि सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या त्यात भर घालतात. पाटाचे पाणी वर एकाने अर्धे तोडले आणि उरलेले दुसऱ्याने, तर शेवटच्या वाफ्याला काय मिळणार? श्वासाचे तसेच होते. माणूस झोपेतच जातो, शेजारी निजलेल्यालाही कळत नाही.

मुंबईतील एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारे कॅरिसोप्रोडॉल एकाच गोळीत घालून पश्चिम आफ्रिकेत पाठवीत असे. तिकडची तरुण पोरे ती नशेसाठी खात. हा प्रकार उघडकीस आल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात बंद करण्याचा आदेश दिला. ट्रामाडॉल तर २०१८ पासूनच अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. म्हणून ही औषधे चिठ्ठीवाचून घेऊ नयेत, आणि एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नये.

भगिनींनो, "पिऊन पडलाय, झोपू दे" असे म्हणून दिवा मालवू नका. आधी हाक मारा, हलवून पाहा. जागा होत नसेल, श्वास फार सावकाश किंवा घरघरत चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच १०८ ला फोन करा. त्याला कुशीवर वळवून ठेवा, जवळून हलू नका. ताक, लिंबू, कॉफी काही पाजू नका, ओकारी काढू नका. श्वास थांबलाच, तर फोनवर सांगतील त्याप्रमाणे छाती दाबा.

गोळ्यांची रिकामी पाकिटे दवाखान्यात न्या. अफूसारख्या औषधाचा असर उतरविणारे नॅलॉक्सोनचे इंजेक्शन असते, पण दारू आणि झोपेच्या गोळीवर ते चालत नाही. म्हणून काय काय पोटात गेले ते खरे सांगा.

डॉक्टरांनी दिलेले औषध भीतीने एकदम सोडू नका. फक्त चिठ्ठी लिहून घेण्यापूर्वी "मी दारू घेतो" किंवा "मला झोपेची गोळी चालू आहे" एवढे सांगा. तो संकोचाचा विषय नव्हे. गडी लाजत असेल, तर कारभारणीने सांगावे.