पुन्हा तीन वर्षं कशाला?

वाचकहो, गेल्या रविवारी आमच्या चाळीत एका घरी बैठक बसली. लग्नाची नव्हे, शिक्षणाची! घरातल्या थोरल्या मुलीने दातांच्या डॉक्टरकीची पदवी, म्हणजे बी.डी.एस. पुरी केली आहे. वडील महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे म्हणणे असे की, पोरीने आता दवाखान्यात नोकरी धरावी आणि धाकट्याच्या शिक्षणाला हातभार लावावा. मुलगी म्हणते, "आप्पा, मला एम.डी.एस. करायचंय. हिरड्यांच्या विषयात."

"अगं, पुन्हा तीन वर्षं कशाला? दात उपटायला एवढं शिकावं लागतं होय?" शेजारच्या मावशींनी विचारले. सगळे हसले. मुलगी म्हणाली, "मावशी, उपटायला नाही. उपटावा लागू नये म्हणून."

तिची आई पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसली होती. पंचेचाळिशीच्या आतच तिचे पुढचे चार दात गेले. त्यांतला एकही किडलेला नव्हता! आधी हलू लागले, मग एकेक करून हातात आले. लहानपणापासून मिश्रीची सवय. हिरडीतून रक्त येई, पण तिकडे कोण बघतो? वय झाले की दात जायचेच, अशी आपली समजूत!

ही समजूत चुकीची आहे. दात जबड्याच्या हाडात बारीक तंतूंनी बांधलेला असतो. दातावर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर हिरडी सुजते. थर कडक झाला की त्याचे कीटण होते, ते ब्रशने निघत नाही. मग हिरडी आणि दात यांच्यामध्ये खाच पडते. निरोगी तोंडात ही खाच साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. ती खोल होत जाते तसे आतले हाड झिजते, आणि गेलेले हाड आपोआप परत येत नाही. दुखत मात्र फारसे नाही. म्हणूनच हा रोग घात करतो. तंबाखूने तर रक्त येणेही कमी होते आणि रोग झाकला जातो. मधुमेह असेल तर तो बळावतो; आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात राहत नाही.

याचा पुरावा काय? १९६५ साली हाराल्ड लो या संशोधकाने डेन्मार्कमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासू लागताच त्या बऱ्या झाल्या. पुढे लो यांनी श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांची १९७० पासून पंधरा वर्षे तपासणी केली. या मजुरांना ना ब्रश माहीत होता, ना दातांचा डॉक्टर. त्यांतल्या सुमारे ८ टक्के लोकांचा रोग झपाट्याने वाढला. त्यांचे पंचेचाळिशीपर्यंत जवळजवळ सगळे दात गेले. ८१ टक्क्यांचा रोग मध्यम गतीने वाढला. ११ टक्के लोकांचा रोग वाढलाच नाही. म्हणजे घाण सारखीच, पण शरीरे वेगवेगळी. कोणाचा रोग धावणार आणि कोणाचा रेंगाळणार हे ओळखायला शिकलेली नजर लागते.

ती नजर तयार करणारा विषय म्हणजे पेरिओडॉन्टॉलॉजी. एम.डी.एस.च्या तीन वर्षांत काय शिकवतात? पहिल्या वर्षी शरीररचना, जंतुशास्त्र, औषधशास्त्र यांचा पाया पक्का करून घेतात. कापणे आणि टाके घालणे आधी साच्यांवर आणि बकऱ्याच्या जबड्यावर गिरवावे लागते. मग माणसे. हिरडीखालचे कीटण काढणे, हिरडी उघडून आतली सफाई करणे, झिजलेल्या जागी हाडाची भर घालणे, उघड्या पडलेल्या मुळावर हिरडी बसवणे. सोबत चर्चासत्रे आणि एक प्रबंध. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने त्याच रुग्णाला पुन्हापुन्हा तपासायचे असते. सगळ्यात मोठे शिक्षण त्यात होते.

याच विभागात रोपण, म्हणजे इम्प्लांटही शिकवतात. याची कथा मोठी गमतीची आहे. १९५२ साली स्वीडनचे डॉक्टर ब्रॉनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियम धातूचे उपकरण बसवून रक्ताचा अभ्यास करत होते. काम संपल्यावर ते निघेना! हाड धातूला घट्ट धरून बसले होते. त्यातून १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात रोपण झाले, आणि २००६ मध्ये तो वारला तोपर्यंत ते टिकले.

पण वाचकहो, इथे सावध व्हा. ज्या जंतूंनी खरा दात पाडला तेच जंतू रोपणालाही धरतात. हिरड्या आजारी असताना बसवलेला स्क्रू म्हणजे भुसभुशीत जमिनीत रोवलेला खांब. म्हणून डॉक्टरला आधी विचारा: माझ्या हिरड्या तपासल्या का? हाडाचा फोटो काढला का? पुढची देखभाल कोण करणार? भारतात इम्प्लांटचे वेगळे एम.डी.एस. नाही. ते हिरड्यांच्या, कृत्रिम दातांच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या विभागांत शिकवले जाते. त्या बैठकीतही एकाने सुचवले, "चार दिवसांचा कोर्स कर, सर्टिफिकेट मिळतं!" मुलगी म्हणाली, "काका, चार दिवसांत स्क्रू बसवायला शिकेन. बिघडला तर काय करायचं, ते नाही."

आता आप्पांच्या खर्चाच्या प्रश्नाकडे येऊ. तो खराच आहे. खाजगी महाविद्यालयांची फी लाखांत जाते. पण एम्ससारख्या काही संस्था सोडल्या तर प्रवेश देशभर एकाच नीट-एम.डी.एस. परीक्षेवर होतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर आहे. सरकारी जागेवर फी बरीच कमी, शिवाय विद्यावेतन मिळते. अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींना १५ टक्के, राज्याच्या कोट्यात १३ टक्के जागा आहेत. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. मात्र त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा लागतो, आणि राज्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र. निकालानंतर धावपळ करून हे कागद मिळत नाहीत. आजच तयार ठेवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

बैठक लांबली. आप्पा गप्प होते. तेव्हा कोपऱ्यातून आई बोलली. तोंडावरचा पदर तिने बाजूला केला होता. "माझं असं होताना कुणीच सांगितलं नाही. हिला शिकू द्या. ही सांगेल तरी लोकांना."

आप्पांनी थोड्या वेळाने विचारले, "फॉर्म कधी निघतो गं?"

मुलीने आईसमोर हात पुढे केला. आईने कमरेची मिश्रीची डबी काढून त्या हातावर ठेवली. ती सुटेल की नाही हे पुढे दिसेलच; सवय चाळीस वर्षांची आहे. पण तुम्ही उद्या सकाळी एवढे करा. दात घासल्यावर थुंकी पाहा. लाल दिसली तर जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात जा. दात अजून घट्ट आहेत, तोवरच जा.